त्रेचाळीस इंची घर

"ती वायर काढ आधी," दादा म्हणाला. "माणसं यायची वेळ झाली आणि टीव्हीतून हे काय लोंबतंय?"

"काढणार नाही. उद्या सकाळी साहेबांना नकाशा द्यायचाय. पाहुणे काय टीव्ही बघायला येताहेत?"

"तुला बघायला येताहेत बाई! म्हणून तर म्हणतोय."

"मग मला बघू देत. टीव्हीकडं कशाला बघतील?"

दादानं कपाळावर हात मारला आणि सोफ्यावरच्या उशा तिसऱ्यांदा सरळ केल्या. माझा दादा म्हणजे एक नमुनाच आहे. पाहुणे यायचे म्हटलं की आपल्याच घरात चोरासारखा वावरायला लागतो.

याला आता नऊ वर्षं झाली. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. सांगलीत विश्रामबागेत दादा, वहिनी, आई आणि मी अशी चौघं राहत होतो. दोन इंजिनिअर साहेबांसाठी मी कॉम्प्युटरवर घरांचे नकाशे काढून द्यायचे. ऑफिस-बिफिस काही नाही, जे काय ते घरातूनच. त्यात वर्षभरापूर्वी आईनं धूळ पुसता पुसता माझा लॅपटॉप पाडला. बाकी सगळं शाबूत, नुसती स्क्रीन काळी ठिक्कर. दुकानदार म्हणाला, पार्ट मागवावा लागेल. त्याच्या पार्टची वाट बघत बसले असते तर दोन्ही साहेब दुसरीकडं गेले असते. मग मीच एक केबल आणली आणि लॅपटॉप हॉलमधल्या टीव्हीला जोडला.

पहिल्या दिवशी सगळ्या कडा कापलेल्या. खालची पट्टी निम्मी गायब, अक्षरं फिसकटलेली. दोन तास रिमोटशी झटापट केली तेव्हा चित्र नीट बसलं. आणि बसलं ते असं की काय सांगू! त्रेचाळीस इंच! पंधरा इंचांवर नाक टेकवून रेघा मोजणारी मी, आता मागं रेलून, मांडीवर पाट, पाटावर माऊस ठेवून अख्खा बंगला एका नजरेत बघायला लागले. तीन महिन्यांनी दुकानदाराचा फोन आला की पार्ट आलाय, घेऊन या लॅपटॉप. मीच म्हटलं, राहू दे.

एवढंच, की मी काय काढते ते सगळ्या घराला दिसायचं. आई जपमाळ ओढता ओढता म्हणायची, "संडास पूर्वेला काढलास होय? बुडाला तो माणूस." दादा मित्रांना घेऊन यायचा आणि "बघा, आमची ऊर्मी भिंत कशी सरकवते" म्हणून माझे खेळ दाखवायचा. वहिनी तेवढी काही बोलायची नाही. तिला मी तेव्हा अगदीच मिळमिळीत समजायचे. काही विचारलं तर "होय की", नाही विचारलं तर गप्प. बीएस्सी झालेली बाई, पण दिवसभर ओटा पुसण्यात समाधान मानायची. अशा बायकांचा मला भारी तिटकारा होता.

आणि प्रसन्न चौगुले मला आवडला होता. आता उगाच खोटं कशाला सांगू? जयसिंगपूरचा, फायनान्स कंपनीत नोकरीला. पत्रिका जुळल्यावर पंधरा दिवसांत तीनदा फोनवर बोललो. आवाज गोड, घाई नाही, समोरच्याचं ऐकून घ्यायची सवय. तिसऱ्या फोनवर तो म्हणाला, "आम्ही जुनं घर पाडून नवीन बांधतोय. तुमच्या कामाला एक वेगळी खोली ठेवू. छोटी का असेना, पण तुमची." एकोणतीस वर्षांत मला कुणी खोली देऊ केली नव्हती. मी फोन ठेवला आणि मनातल्या मनात होकार देऊन मोकळी झाले. आता फक्त ती बघण्याची रीत उरकायची होती.

चौगुले मंडळी सांगितल्या वेळेच्या अर्धा तास आधी आली. मी इरकल साडीत, पाट मांडीवर घेऊन, मिरजेच्या कुणा डॉक्टरांच्या बंगल्याचा जिना बसवत होते. टीव्ही बंद करायलाही वेळ मिळाला नाही.

पुढं वडील, त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. रिटायर्ड हेडक्लार्क. अंगात पांढरा सफारी, काखेत चामड्याची बॅग. जगातली प्रत्येक फाईल आपल्या सहीवाचून अडलीय, असा चेहरा. मागं काकू, म्हणजे प्रसन्नची आई. त्या आत येतानाच पडद्याचं कापड चिमटीत धरून बघत आल्या. आणि शेवटी प्रसन्न. फोटोपेक्षा बरा दिसत होता. माझ्याकडं बघून जरासा हसला, आणि मला खरंच बरं वाटलं.

वहिनीनं उप्पीट आणलं. अण्णांनी मला शिक्षण विचारलं, काकूंनी पुरणपोळी येते का विचारलं. मी येते म्हटलं, आईनं त्यावर "उत्तम येते" अशी थाप मारली. इतकं झाल्यावर अण्णांचं लक्ष टीव्हीकडं गेलं.

"हे काय लावलंय म्हणायचं? सिनेमा तर नव्हे."

झालं! दादाला तेवढंच पाहिजे होतं. मघाशी वायर काढ म्हणून माझ्यामागं लागलेला माणूस आता टीव्हीशेजारी उभा राहून छाती फुगवून सांगायला लागला, "आमची ऊर्मी घरं काढते. लॅपटॉप इथं, चित्र तिथं. ऊर्मी, दाखव अण्णांना भिंत सरकवून."

मी सरकवली. काय करणार?

"अस्सं!" अण्णा म्हणाले. मग त्यांनी बॅग मांडीवर घेतली, चेन उघडली आणि चौघडी घातलेला एक कागद काढला. "सहज होता बॅगेत. आमच्या प्लॉटचा मोजणीचा नकाशा. तीस बाय पन्नास. बघू, आमचं घर यात कसं बसतंय."

मुलगी बघायला येताना लोक पेढे आणतात. ह्या गृहस्थांनी मोजणीचा नकाशा आणला होता. आणि म्हणे सहज! इंजिनिअरकडं जायचा कंटाळा, त्याची पायरी चढायची नाही, फुकटात मुलगीही बघून होते आणि घरही. मला तेव्हाच किळस यायला हवी होती. पण मी प्रसन्नकडं बघितलं, आणि मला वाटलं, बरंच झालं की! माझ्या घराचा नकाशा मीच काढणार. कुठल्या मुलीला असं भाग्य मिळतं? मी लग्नाच्या नादात किती बावळट झाले होते बघा.

डॉक्टरांचा बंगला बंद केला आणि कोरा प्लॉट टीव्हीवर आणला. चारी बाजूंनी सोडायची जागा सोडली, पुढं गाडीला पार्किंग ठेवलं, मध्ये घराची चौकट उरली. अण्णांनी खुर्ची ओढून टीव्हीसमोर आणली. काकू त्यांच्या शेजारी. दादा रिमोट हातात धरून उभा, रिमोटचा काही संबंध नसताना.

"एकच मजला," अण्णा म्हणाले. "मला गुडघ्याचा त्रास. वरचा मजला पुढं मुलगा चढवेल, त्याच्या हिमतीवर. आणि प्रत्येक खोलीवर नाव लिहा. नुसत्या रेघा मला कळत नाहीत."

"बरं," मी म्हटलं.

"पहिलं देवघर, ईशान्येला."

"शाब्बास," आमची आई म्हणाली.

मग हॉल. मग स्वयंपाकघर. मग नैर्ऋत्येला अण्णा-काकूंची खोली, आतच संडास-बाथरूम, अण्णांना रात्री उठावं लागतं म्हणून. मी 'अण्णा-काकू' असं लिहिलं. अण्णांनी चष्मा वर करून ते वाचलं आणि मान डोलावली.

"आता आमच्या सुजाताची," काकू म्हणाल्या. सुजाता म्हणजे प्रसन्नची थोरली बहीण, इचलकरंजीला दिलेली. "पोरांना घेऊन दर महिन्याला येते बिचारी. तिला हक्काची खोली पाहिजे. बारा बाय अकरा तरी."

'सुजाताताई' लिहिलं.

"पुढच्या अंगाला माझी एक खोली," अण्णा म्हणाले. "बाहेरनं दार ठेवा. पतसंस्थेची माणसं येत असतात, त्यांनी घरातनं कशाला जायचं?"

'अण्णा ऑफिस' लिहिलं. अण्णांना ते भलतंच आवडलं. त्यांनी उठून टीव्हीच्या काचेवर बोट टेकवलं. "ही भिंत जरा इकडं घ्या. अजून. अजून थोडी. आमच्या टेबलाला मागनं जागा पाहिजे." उपिटाचं तेलकट बोट काचेवर फिरत होतं आणि मी भिंत सरकवत होते. हॉल दोन फुटांनी आकसला. काकू म्हणाल्या, "आता सोफा कुठं बसायचा?" मग सगळे मिळून सोफा बसवायला लागले. दादानं त्यात आपली अक्कल पाजळली, "एल टाईप घ्या." कुणाचं घर, कुणाचा सोफा, आणि हा मध्ये एल टाईप घ्या म्हणून सांगतोय!

इतका वेळ प्रसन्न सोफ्याच्या टोकाला बसून मान हलवत होता. अण्णा बोलले की हलवायचा, काकू बोलल्या की हलवायचा. मी वाट बघत होते. शेवटी मीच तोंड उघडलं.

"कामाला एक छोटी खोली काढायची होती ना?" मी त्याच्याकडं बघत म्हटलं.

"कुणाच्या कामाला?" अण्णांनी विचारलं.

"माझ्या. नकाशांच्या."

प्रसन्ननं बशीतल्या उपिटात एक शेंगदाणा शोधला आणि चमच्यानं तो इकडून तिकडं ढकलला.

"अहो, तुमचं काम टीव्हीवर चालतंय की!" अण्णा म्हणाले. "डोळ्यांनी बघतोय मी. नवीन हॉलमध्ये पंचावन्न इंची घेणार आहे. दिवसभर रिकामाच असतो तो. लावा वायर आणि बसा. आमचं काही म्हणणं नाही."

"सुनेसाठी पंचावन्न इंच!" काकू म्हणाल्या आणि सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं माझा दादा हसला. लाळघोट्या!

मी प्रसन्नकडं बघतच राहिले. फोनवर तीन दिवसांपूर्वी ज्यानं 'छोटी का असेना, पण तुमची' म्हटलं होतं, तो हाच का? तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होता नुसता. राग आला. पण मी तो गिळला. म्हटलं, वडिलांपुढं बोलता येत नसेल. लग्नानंतर बघू. बायका स्वतःला कायकाय सांगतात, त्यातलंच हे एक.

वहिनी चहा घेऊन आली. कप वाटले आणि आत गेली.

आता नकाशात मागच्या बाजूला एकच जागा उरली होती. दहा बाय दहाचा एक चौकोन. मी त्यावर काहीच लिहिलं नव्हतं. ती कशासाठी आहे ते वेगळं सांगायची गरज मला वाटली नव्हती. घरात लग्न व्हायचंय, त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप!

"हे काय मोकळंच?" काकूंनी विचारलं.

"ती खोली..." मी सुरुवात केली.

"तिथं स्टोअर करा," काकू म्हणाल्या. "धान्याच्या कोठ्या, लग्नातली भांडी, जादाच्या गाद्या. जुन्या घरात फार हाल झाले माझे स्टोअरशिवाय."

"बरोबर," अण्णा म्हणाले. "स्टोअर."

मी 'स्टोअर' लिहिलं आणि माऊसवरचा हात काढला. म्हटलं, आता कुणीतरी ओरडेल. अहो, हे काय, म्हणेल. टीव्हीवर एवढ्या मोठ्या अक्षरांत सगळ्यांची नावं होती. देवाला जागा होती. महिन्यातून दोन दिवस येणाऱ्या सुजाताताईंना होती. पतसंस्थेच्या माणसांना होती. गव्हाला आणि गाद्यांना होती. ज्याच्या लग्नाची बोलणी चालली होती तो मुलगा आणि त्याची बायको, यांना त्या घरात कुठंच जागा नव्हती. आणि कुणालाच ते दिसत नव्हतं. अण्णा समाधानानं चहा बशीत ओतून पीत होते. काकू आमच्या आईला स्टोअरमधल्या फळ्यांचं सांगत होत्या.

मी ठरवलं की आपण सांगायचं नाही. त्याला विचारायचं. तो एवढं एक जरी बोलला, की आपली खोली राहिली, तर सगळं माफ. कामाची खोली नको, पंचावन्न इंचीवर काम करीन, अण्णांच्या तेलकट बोटाचे डागही रोज पुसीन. पण हे त्याला दिसलं पाहिजे.

"प्रसन्नराव," मी म्हटलं, "तुम्ही काहीच बोलला नाहीत. एकदा जवळून बघा. काही राहिलंय का?"

तो उठला. टीव्हीपाशी गेला. पाठीमागं हात बांधून, शाळेत फळा वाचतात तसं एकेक नाव वाचायला लागला. देवघर. हॉल. स्वयंपाकघर. अण्णा-काकू. सुजाताताई. अण्णा ऑफिस. स्टोअर. दोनदा वाचलं त्यानं. दुसऱ्यांदा वाचताना त्याच्या कपाळाला आठी पडली, आणि शपथेवर सांगते, मी पाटासकट पुढं सरकले. मला वाटलं, दिसलं! दिसलं याला!

"एक विचारायचं होतं," तो म्हणाला.

"विचारा ना."

"पार्किंगमध्ये गाडी उभी असताना बुलेट आडवी बसेल का?"

मी त्याच्याकडं बघितलं. एक साधा, स्वच्छ, इस्त्रीचा शर्ट घातलेला मुलगा, उत्तराची वाट बघत उभा होता. त्या क्षणी मला त्याचा राग आला नाही. रागावण्याइतकाही तो उरला नाही. भाजीत झुरळ सापडल्यावर आपण ताट जसं बाजूला सारतो, तसा मी त्याला मनातून बाजूला सारला.

"बसेल," मी म्हटलं.

"मग ओके."

मग ओके! बत्तीस वर्षांचा घोडा, बायको आणायला निघालाय, बायकोला ठेवणार कुठं ते माहीत नाही, पण बुलेट आडवी बसतेय म्हणून ओके! मी फाईल सेव्ह केली. वहिनी रिकामे कप उचलायला आली, ट्रे धरून टीव्हीसमोर क्षणभर थांबली आणि आत गेली. मंडळी गेली. जाताना अण्णांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मोजणीचा नकाशा आठवणीनं परत बॅगेत घातला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता दादा कामावरून आला तो जिन्यातूनच ओरडत आला.

"पसंती आली! अण्णांचा स्वतःचा फोन! मुलगी पसंत, घराणं पसंत. आणि ऊर्मी, तो नकाशा तेवढा मोबाईलवर पाठवून दे म्हणाले, त्यांचा गवंडी वाट बघतोय."

"मला ते स्थळ नको," मी म्हटलं.

दादा एक चप्पल पायात आणि एक हातात अशा अवस्थेत उभा राहिला. "काय?"

"नको म्हणून सांग."

"डोकं फिरलंय का तुझं? एकोणतीस सरत आलं! काय कमी आहे त्या घरात?"

आई आतून आली. "काय झालं? कोण नको म्हणतंय?"

"ही! ही महाराणी! एवढा चांगला मुलगा, निर्व्यसनी, नवीन घर होतंय... काय कमी आहे ते सांग ना मला!"

"दाखवतेच," मी म्हटलं. टीव्ही लावला, लॅपटॉप चालू केला, चौगुल्यांचं घर सगळ्या काचेवर पसरलं. "बस इथं. आणि मी लग्न करून गेल्यावर कुठल्या खोलीत झोपणार, ते मला बोट ठेवून दाखव."

वहिनी चहाचे कप घेऊन आली होती. ते टीपॉयवर ठेवून ती स्वयंपाकघराच्या दारापाशी उभी राहिली. दादा टीव्हीजवळ गेला. बोट पुढं केलं. ते सुजाताताईंवरून अण्णा ऑफिसवर गेलं, तिथून हॉलमध्ये आलं, परत फिरलं.

"असेल की कुठंतरी," तो म्हणाला. "ही कुठली? नाही, ही भांड्यांची..."

"देवघर ईशान्येला आहे ना?" आई म्हणाली. "मग बाकीचं होतं सगळं हळूहळू."

"नाहीये," वहिनी म्हणाली.

आम्ही तिघांनीही मागं वळून बघितलं. वहिनी आपण होऊन बोलली, हेच मुळात नवल होतं.

"ताईंची खोली नाहीये त्यात. मला कालच दिसलं, कप उचलताना."

"कालच?" मी विचारलं. "एवढ्याशा वेळात?"

"होय की."

"मग बोलली का नाहीस, वहिनी?"

"मी काय बोलणार?"

दादा खुर्चीत बसला. पण हार मानेल तर तो दादा कसला? "बरं, नाहीये. चुकून राहिली असेल. त्यात काय एवढं? एक खोली वाढवायची. नाहीतर वरचा मजला होईपर्यंत टाकतील हॉलमध्ये गादी. माणसं राहत नाहीत का?"

"हॉलमध्ये?" मी तडकले. "येणारा-जाणारा दारात उभा, म्हाताऱ्याला रात्री चारदा उठायचंय, टीव्ही चालू, आणि नवरा-बायकोनं तिथं झोपायचं? जनावरं आहेत का ती? ज्या घरात बायकोला दार लावून बसायला चार भिंती नाहीत, त्या घरातल्या माणसांना माणसं तरी कसं म्हणायचं? आणि ज्याला हे समोर लिहिलेलं दिसत नाही, तो तर..."

मी पुढंही पुष्कळ बोलले. तोंडाला आलं ते बोलले. त्या बुलेटवाल्याचा पार उद्धार केला. दादा खाली बघत होता. मला वाटलं, जिरवली याची. म्हणून आणखी चार वाक्यं जास्त बोलले. थांबले तेव्हा वहिनी अजून दारातच होती.

"ताई, एक विचारू? रागवू नका."

"विचार की."

"आपल्या घराचा असा नकाशा काढलात, प्रत्येक खोलीवर नाव लिहून, तर माझं नाव कुठं लिहाल?"

तिचा आवाज चढलेला नव्हता. भाजी कुठली करू, असं विचारावं तसं तिनं विचारलं.

आमचं घर म्हणजे हॉल, स्वयंपाकघर आणि आतली एक खोली. आतल्या खोलीत आई आणि मी. दादाचं लग्न होऊन सात वर्षं झाली होती. ती दोघं हॉलमध्येच गादी घालायची, आणि गेलं वर्षभर तीही माझं काम संपल्यावर. मला कधी दहा वाजायचे, कधी साडेअकरा. तोवर वहिनी ओट्यापाशी पाटावर बसून काही ना काही निवडत असायची आणि दादा गॅलरीत येरझाऱ्या घालायचा. हिला झोपच कमी, असं मी समजत होते. मी, माणसांची घरं काढणारी! दोनशे घरांत कुणाची गादी कुठं पडेल ते सांगणारी!

दादानं मान वर केली नाही. आईनं जपमाळ हातात घेतली. टीव्हीवर चौगुल्यांचं घर तसंच लागलेलं होतं. वहिनी माझ्याकडं बघत उत्तराची वाट बघत होती. तिला घाई नव्हती. आणि मला एवढं तरी कळत होतं की आता एकच वाक्य बोलायचंय, आणि ते नीट बोलायचंय.

"पण वहिनी," मी म्हटलं, "मला कामाला मोठी स्क्रीन लागते गं."

"होय की," वहिनी म्हणाली. मग तिनं कुणीच न घेतलेले चहाचे कप उचलले आणि आत गेली.